रीकंडिशन इंजेक्टर दोन-चार महिन्यांत परत जातात: बसवण्याआधी टेबलावरच काय पकडता येतं

दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टरचे इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे भाग, काढले, शहरात नेऊन रीकंडिशन करून आणले. पहिले पंधरा दिवस इंजिन छान चाललं. मग उसाची वाहतूक सुरू झाली, मागे दोन ट्रॉल्या लागल्या आणि कारखान्याच्या रस्त्यावर पहिल्याच चढाला पुन्हा तोच काळा धूर, तीच मिसिंग. सकाळी सेल्फ मारला की पांढरा धूर आणि कटकट आवाज. बीड, धाराशिव, लातूर, परभणी या पट्ट्यात गाळप हंगाम आला की ही तक्रार हमखास येते. उन्हाळ्यात तीच तक्रार पाण्याच्या टँकरवाल्यांची असते. दुकानदार म्हणतो डिझेल खराब, मिस्त्री म्हणतो दुकानात जुनंच नोझल घातलं, आणि पैसे मालकाचे दुसऱ्यांदा जातात.

यातले बरेच दोष इंजेक्टर हेडमध्ये बसण्याआधीच सापडतात. अडचण एवढीच, की काउंटरवर गिऱ्हाइकाला एकच गोष्ट दाखवली जाते: लिव्हर दाबून मारलेला फवारा. फवारा मोकळा दिसला की इंजेक्टर पास. पण लिव्हर जोरात हाणला तर झिजलेलं नोझलसुद्धा (इंजेक्टरचं बारीक भोकांचं टोक) चांगला फवारा मारतं. खरा दोष दिसतो तो दाब धरून ठेवताना आणि थोडंसंच डिझेल सोडताना. म्हणून फवारा शेवटी बघा, त्याआधी बाकीचं.

आधी विचारा, केलं काय?

‘रीकंडिशन’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं विकली जातात. पहिलं, नुसतं धुऊन, कार्बन काढून, दाब सेट करून दिलेला इंजेक्टर. दुसरं, नोझल नवं पण बाकी सगळं जुनं. तिसरं, नोझल, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, शिमा (दाब सेट करायच्या पातळ चकत्या), सील बदलून, कंपनीच्या टेस्ट प्लॅनवर बेंचला (तपासणीच्या यंत्राला) लावून, आकडे छापून दिलेला. पैसे तिसऱ्याचे घेतले असतील तर पुरावाही तिसऱ्याचाच मागा. बिलावर कोणते पार्ट बदलले ते नंबरासह लिहून घ्या आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत मागा. चांगलं काम करणारा दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही.

इंजेक्टर हातात आला की पहिलं काम नंबर जुळवायचं. नोझलच्या अंगावर बारीक कोरलेला नंबर असतो, उदाहरणार्थ ‘डीएलएलए १५० पी’ आणि पुढे आकडे. यातला १५० म्हणजे फवाऱ्याच्या छत्रीचा कोन, अंशांमध्ये. जुन्या नोझलवर १५० आणि नव्यावर १४० असेल तर आट्या जुळतात, बॉडीत बसतं, टेस्टरवर फवाराही मारतं. पण इंजिनात गेल्यावर डिझेल पिस्टनच्या वाटीत ठरलेल्या जागी न पडता भलतीकडे आदळतं. काळा धूर, तेलात डिझेल, लायनर धुतला जाणं, हे सगळं तिथून सुरू होतं. पुढचे आकडेही तितकेच महत्त्वाचे, कारण भोकांची संख्या आणि माप त्यातच लपलेलं असतं. ‘चालतं हो, सगळ्यांना हेच घालतो’ असं ऐकलं तर ते नोझल परत करा. एका सेटमधल्या सगळ्या नोझलांचा नंबर आणि मेक एकच हवा. तीन एका कंपनीचे आणि एक दुसऱ्याचं, असा सेट कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका.

अंगही नीट बघा. कॅपनटवर (नोझल बॉडीला धरून ठेवणारा नट) पान्याच्या दातांच्या खुणा असतील तर तो पाइप पान्याने उघडलेला आहे. आत काय झालं असेल याचा अंदाज तिथेच येतो. नोझलचं टोक वाळूच्या माऱ्याने चकचकीत केलेलं असेल तर जास्त काळजी घ्या. त्या माऱ्याने भोकांच्या कडा गोल होतात आणि बारीक कण आत अडकून राहतात. चमक हा गुण धरू नका. इनलेट आणि टोकाला टोप्या लावलेल्या नसतील आणि इंजेक्टर नुसते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले असतील, तर तिथेच पुन्हा धुऊन मागा. नोझलच्या आत वर-खाली होऊन भोकं उघड-बंद करणारी सुई, म्हणजे नीडल, आणि तिच्या घराच्या मधली फट साधारण २ ते ४ मायक्रॉन असते. कागदाचा एक तंतूही तिथे मोठा आहे.

साध्या इंजेक्टरची हॅण्ड टेस्टरवरची तपासणी

बहुतेक ट्रॅक्टर, शेतावरची पाण्याची इंजिनं, जनरेटर आणि जुने टेम्पो यांच्यात अजूनही पंप-नोझलची साधी पद्धत आहे. यांची तपासणी हॅण्ड टेस्टरवर, म्हणजे लिव्हर आणि काट्याचं गेज असलेल्या हातपंपावर होते, तो जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक पंप-नोझलवाल्याकडे असतो. तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. फार तर अर्धा तास लागतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच: फवाऱ्यासमोर हात, बोट, चेहरा अजिबात नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत मांस सडू शकतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

सुरुवात उघडण्याच्या दाबापासून. लिव्हर हळूहळू दाबत न्या आणि काटा ज्या आकड्यावरून झटकन खाली येतो तो वाचा. ट्रॅक्टरच्या भोकाच्या नोझलांना हा दाब बहुधा १८० ते २५० बारच्या दरम्यान कुठेतरी असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. मिस्त्री ज्याला ‘किलो’ म्हणतात ते आणि बार व्यवहारात सारखेच धरले तरी चालतं, १ बार म्हणजे साधारण १.०२ किलो. एकाच इंजिनाच्या सगळ्या इंजेक्टरांत ५ बारपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. नवी स्प्रिंग टाकली असेल तर ती पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून सुरुवातीला ठरलेल्या आकड्यापेक्षा ५ ते १० बार वर सेट करतात. नव्या स्प्रिंगवर दाब नेमका किमान मर्यादेवर सेट करून दिला असेल, तर महिन्याभरात तो मर्यादेच्या खाली जाणार हे धरून चाला. दाब कमी झाला की डिझेल लवकर पडतं, ठोका येतो, आणि सिलिंडरमधला जाळ उलट नोझलमध्ये घुसून नीडलवर कार्बन चढवतो. ‘आठ दिवस चांगलं, मग बिघडलं’ यामागे पुष्कळदा हेच असतं. दाब शिमांनी वाढतो. ०.०५ मिमी जाडीची शिम साधारण ५ बार फरक करते, बॉडीप्रमाणे थोडं कमी-जास्त.

मग सीटची, म्हणजे नीडलचं टोक जिथे घट्ट बसतं त्या जागेची तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. नोझलचं टोक स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडं पुसा. उघडण्याच्या दाबाच्या १० ते २० बार खाली काटा नेऊन लिव्हर तिथेच धरा आणि सावकाश १० आकडे मोजा. नजर टोकावर ठेवा, काट्यावर नको. टोकाला हलकी ओल आली तरी चालेल. पण ओल जमून गोल झाली, टोकाला लोंबली आणि थेंब होऊन पडला तर तो इंजेक्टर नापास, फवारा कसाही असो. हा एक थेंब इंजिनात प्रत्येक फेरीला पडतो, नीट जळत नाही, टोकावर कोळसा होतो आणि भोकं बुजवतो. पुढे तीच धार पिस्टनच्या डोक्यावर पडत राहिली तर पिस्टन जळतो. ‘चालवल्यावर सीट बसेल’ हे उत्तर मान्य करू नका. सीट घासून बसत नाही, घासून बिघडते.

तिसरी, मागच्या गळतीची. दाब साधारण १५० बारवर नेऊन लिव्हर सोडा आणि काटा १०० पर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. ६ सेकंदांच्या आत आला तर एकतर टेस्टरचा पाइप किंवा जोड गळतोय, नाहीतर नीडल घरात सैल झाली आहे. आधी जोड तपासा, टेस्टरच गळका असेल तर इंजेक्टरवर उगाच दोष जातो. सेटमधले तीन १५ सेकंद धरतात आणि चौथा ७, तर चौथाही घेऊ नका, जरी तो हद्दीत असला. गरम दिवसात तेल पातळ होतं आणि वेळ कमी येते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता मोजलेली वेळ आणि सकाळची वेळ एक येणार नाही, तेव्हा चारही एकाच बैठकीत मोजा.

आता फवारा. गेजचा कॉक बंद करून लिव्हर भरभर मारा. प्रत्येक भोकाची धार वेगळी, सारख्या लांबीची, धुक्यासारखी सुटायला हवी आणि शेवट झटकन तुटायला हवा. खाली पांढरा कागद ठेवून एकच फटका मारला तर डाग मोजता येतात. पाच भोकांच्या नोझलला पाच डाग, सारख्या अंतरावर. एक डाग फिका किंवा गायब असेल तर ते भोक बुजलंय. एखादी धार धुकं न होता सरळ दोऱ्यासारखी गेली तर त्या भोकाची कड गेली आहे. ‘चर्र चर्र’ आवाज येणं चांगलंच, पण काही नोझल हळू दाबल्यावर कमी वाजतात, त्यामुळे नुसत्या आवाजावरून नापास करू नका.

नोझल सुटं मिळालं असेल तर आणखी एक जुनी चाचणी आहे. नीडल स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून घरात घाला, नोझल तिरकं धरा, नीडल एक तृतीयांश बाहेर ओढून सोडा. स्वतःच्या वजनाने न अडखळता उतरली पाहिजे. नीडलच्या चोपड्या भागाला बोट लावू नका, घामाने तिथे गंज धरतो. आणि एका नोझलची नीडल दुसऱ्याच्या घरात कधीही घालू नका, त्या जोडीने घासून तयार केलेल्या असतात.

कॉमन रेलचा इंजेक्टर: कागद मागा

सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेल गाड्यांत सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) जास्त दाबाचं डिझेल मिळतं. त्यांच्या इंजेक्टरला हॅण्ड टेस्टर पुरत नाही. पिकअप, नव्या जीप, ट्रक यांच्यात हे आहेतच. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम स्टेज ४ हे धुराचे नियम लागू झाले, तेव्हापासून मोठ्या ट्रॅक्टरमध्येही कॉमन रेल दिसायला लागलं आहे. इथे रेलचा दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. हॅण्ड टेस्टरवर फवारा दाखवून ‘बघा, ओके आहे’ म्हणणं इथे काहीच सिद्ध करत नाही.

या इंजेक्टरच्या वरच्या भागात मोहरीच्या दाण्याएवढा गोळा एका बारीक सीटवर बसतो. कॉइलने तो उचलला की आतला दाब सुटतो आणि खाली नीडल उघडते. ती सीट झिजली की डिझेल सतत रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत पळतं. मग रेलमध्ये दाब साचत नाही. सुरू व्हायला साधारण २०० बार तरी लागतात, तेवढेही होत नाहीत. गाडी सकाळी लागते पण तापल्यावर बंद केली की लागत नाही, हे त्याचं ठळक लक्षण. आणि स्वस्तातल्या रीकंडिशनमध्ये नेमकी हीच सीट जुनी ठेवून फक्त नोझल नवं घालतात. म्हणून पहिला प्रश्न: व्हॉल्व्ह सेट (हा गोळा आणि त्याची सीट) बदलला का? बदलला असेल तर जुना दाखवा.

दुसरी मागणी बेंचच्या छापील रिपोर्टची, प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा. त्यात इंजेक्टरचा नंबर, तारीख, आणि निदान चार ठिकाणचे आकडे हवेत: फुल लोड, मधला भार, आयडल आणि पायलट. प्रत्येक ठिकाणी सोडलेलं डिझेल प्रति फटका किती घन मिमी ते, शेजारी चालणारी हद्द, आणि रिटर्नचं मोजमाप. तेलाचं तापमानही लिहिलेलं असावं, ते साधारण ४० अंशांवर ठेवून मोजतात.

रिपोर्ट वाचताना नजर आधी पायलटच्या ओळीवर न्या. मुख्य इंजेक्शनच्या आधी सुटणारं हे डिझेल जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढं, बहुधा १ ते ३ घन मिमी असतं. झिजलेला इंजेक्टर फुल लोडला पास होतो आणि इथे नापास होतो, म्हणून काही ठिकाणी ही ओळ छापतच नाहीत. समजा हद्द १ ते ३ आहे आणि चार इंजेक्टर १.१, १.२, २.८, २.९ आले. कागदावर चारही पास, पण आयडलला ते इंजिन थरथरणारच. एकमेकांच्या जवळचे मागा. आणि चारही कागदांवर दशांशापर्यंत तेच आकडे असतील तर ती तपासणी झालेलीच नाही, एकाच कागदाच्या प्रती आहेत. कागदावरचा नंबर इंजेक्टरच्या अंगावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा.

मग कोडचा प्रश्न. बॉशच्या इंजेक्टरवर बहुधा सहा-सात अक्षर-अंकांचा, डेल्फीवर १६ किंवा २० जागांचा कोड असतो. हा इंजेक्टर किती जास्त-कमी सोडतो हे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) त्यावरून कळतं. आतले पार्ट बदलले म्हणजे स्वभाव बदलला, जुना कोड आता खोटा ठरतो. नीट रीमॅन्युफॅक्चर केलेल्या इंजेक्टरसोबत बेंचवरून काढलेला नवा कोड मिळतो आणि तो स्कॅनरने सिलिंडरच्या क्रमाने भरावा लागतो. कोड न भरता गाडी सुरू होते, चालतेही, म्हणून लोक सोडून देतात. मग ठोका, धूर आणि असमान आयडल राहतं आणि चांगल्या इंजेक्टरवर ठपका येतो. कोणता इंजेक्टर कोणत्या सिलिंडरला गेला हे बसवण्याआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बसल्यावर कोड दिसत नाही.

घरी मल्टिमीटर असेल तर कॉइल मोजता येते. बॉशच्या साध्या कॉइलचा रोध अर्ध्या ओहमच्या आतच येतो. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, नाहीतर चूक होते. चारही सारखे हवेत. कॉइलची पिन आणि बॉडी यांच्यात मात्र काहीच जोड दाखवता कामा नये. पिझो इंजेक्टर (कॉइलऐवजी विजेने ताणणाऱ्या क्रिस्टलवर चालणारे) याहून वेगळे, त्यांचा रोध किलोओहममध्ये असतो.

इंजेक्टर चांगला, बसवणं वाईट

जुना कॉपर वॉशर हेडच्या भोकात चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसतो, ही चूक फार होते. दोन वॉशरांनी नोझल वर उचललं जातं, फवारा जागा सोडतो आणि धूर येतो. टॉर्च मारून भोकाचा तळ बघा, वाकवलेल्या तारेने जुना वॉशर काढा. नव्याची जाडी व्हर्नियरने मोजा. बाजारात १.५, २ आणि ३ मिमीचे सगळेच मिळतात आणि बघून फरक कळत नाही. भोकातला कार्बन काढताना खाली सिलिंडरमध्ये काही पडू नये म्हणून रीमरला ग्रीस लावा. वॉशर नेहमी नवा, तापवून पुन्हा वापरलेला नको. वाकडा बसला तर चफ-चफ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती काळं डांबर साचतं, ते घट्ट झालं की पुढच्या वेळी इंजेक्टर ओढून काढावा लागतो. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलच्या आकड्यावर. जास्त आवळला तर बॉडी पिळली जाते आणि आत नीडल अडते, मग टेस्टरवर पास झालेला इंजेक्टर इंजिनात नापास होतो.

साध्या इंजिनात कोणता सिलिंडर मेला ते पाइपचा नट सैल करून बघतात. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना नट सैल करणं म्हणजे जिवाशी खेळ. बंद करूनही पाच-दहा मिनिटं थांबा.

तरीही परत गेला तर

मग टाकी उघडा. जुना फिल्टर कापून त्यातला कागद पांढऱ्या ताटलीत पिळा. खाली काळी चिकट माती, पाण्याचे गोळे की चंदेरी चुरा, यावर पुढचं सगळं ठरतं. चंदेरी चुरा चुंबकाला चिकटला तर हाय प्रेशर पंप स्वतःला खातोय. अशा वेळी नवे इंजेक्टर घातलेत तर ते काही दिवसांत गेलेच. पंप, रेल, पाइप, टाकी, सगळी लाइन धुतल्याशिवाय इंजेक्टरला हात लावू नका.

माती आणि पाणी बहुतेक वेळा ड्रममधून येतं. बांधावर उघडा ठेवलेला ड्रम, त्यात हवेतली काळी माती, जाळी नसलेलं नरसाळं. ड्रम भरल्यावर रात्रभर हलवू नका, नळी तळापासून चार बोटं वर ठेवा, तळाचं डिझेल इंजिनात कधीच नको. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी भरा. अर्धी टाकी थंडीत रात्रभर राहिली की आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर सुटतं. रॉकेल मिसळलेलं डिझेल घालू नका, त्यात वंगणपणा कमी असतो आणि कॉमन रेलचा पंप व इंजेक्टर दोघांनाही वंगण डिझेलचंच मिळतं. नवा फिल्टर लावताना त्यात कॅनमधलं डिझेल ओतून भरू नका, ते गाळलेल्या बाजूला जातं. हातपंपानेच प्रायमिंग करा.

बसवल्यानंतर कॉमन रेलच्या गाडीचा रिटर्न एकदा मोजून ठेवा. इंजिन गरम करा, बंद करा, चारही रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडा, आयडलला दोन मिनिटं चालवा. बाटल्या शेजारी-शेजारी ठेवल्या की एका नजरेत कळतं. तीन बाटल्यांत सारखी पातळी आणि चौथीत दुप्पट, तर तो चौथा इंजेक्टर त्याच दिवशी परत न्या, वॉरंटीचा वाद तेव्हाच मिटतो. पिझो इंजेक्टरच्या रिटर्नला दाब लागतो, तिथे ही चाचणी अशी करायची नाही. बाटल्यांचा फोटो तारखेसह जपून ठेवा. साध्या इंजिनात ५० तासांनी एकच इंजेक्टर काढून टोक बघा: कोरडं आणि करडं असेल तर बाकीचे तसेच राहू द्या, ओलं आणि काळं असेल तर चारही टेस्टरवर घ्या.